सुपातला ऑक्सिजन

मॅडम, ऑक्सिजन मी खाल्ला होता.

ऑगस्टपासून हे वाक्य तोंडात धरून फिरतोय. स्टाफरूममध्ये सांगता आलं असतं. बसमध्ये तर रोजच सांगता आलं असतं, मंगरूळपीरहून शाळेपर्यंत आपण एकाच बाकावर बसायचो. सांगितलं नाही. आता तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला, आणि मी मराठीचा मास्तर, वाक्यं सजवण्यात स्वतःला हुशार समजणारा माणूस, तुम्हाला लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत हे निघालं. बरं झालं, निघालं ते.

मेडशीला तुमच्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे आलो होतो. त्रिशरण-पंचशील झालं आणि सहकारी म्हणून मला बोलायला उभं केलं. मी बोललो. शिस्त, तळमळ, विद्यार्थिप्रिय वगैरे शब्द वापरले, जे दर निरोप समारंभात वापरून पार गुळगुळीत झालेत. तुमच्या भावाने डोळे पुसले. हेडसरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पण त्या भाषणात तुम्ही कुठेच नव्हतात. तुमचं सूप नव्हतं, पदरावरचा मोरचुदाचा निळा डाग नव्हता, आणि माझ्यावर खेकसतानाचा तुमचा आवाज तर नव्हताच. खाली बसलो तेव्हा स्वतःचाच राग आला.

तुमचं सूप. पहिल्यांदा ते शाळेत आणलंत तेव्हा मी विचारलं होतं, "मॅडम, विज्ञान पाखडणार का आता?" तुम्ही म्हणालात, "हो. फोलपट उडालं तं तुमच्या अंगावर येईन, जरा बाजूले व्हा." प्रयोगशाळेच्या कपाटात तुमचे बिस्किटांचे जुने डबे होते. हायड्रोजन म्हणजे मूग, कार्बन म्हणजे उडीद, ऑक्सिजन म्हणजे हरभरा आणि लोखंड म्हणजे तूर. तीही भावाच्या शेतातलीच, कारण मेडशीची तूर म्हणजे लोखंडच, असं तुमचं ठाम मत. सुपाच्या मधोमध खडूने बाण काढायचा. बाणाच्या अलीकडे अभिक्रियाकारक, पलीकडे उत्पादित. दाणे अलीकडून उचलून पलीकडे मांडायचे. बाण ओलांडताना एक दाणा वाढता कामा नये आणि एक कमी पडता कामा नये. जुळलं की समीकरण संतुलित.

आणि तुमचा तो एकच कायदा. "पुढचा आकडा तुमचा, खालचा आकडा निसर्गाचा." किती रेणू घ्यायचे ते तुम्ही ठरवा, पण एका रेणूत किती दाणे बांधलेले आहेत ते आधीच ठरलेलं आहे, त्याला हात लावायचा नाही. शेजारच्या वर्गात समास शिकवताना भिंतीपलीकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन. ऐकलं आणि समजलं यात किती अंतर असतं, ते मला डिसेंबरात कळलं.

पण आधी ऑगस्ट. पावसाळी हवेने हरभऱ्याला भुंगा लागला होता, म्हणून तुम्ही त्या दिवशी स्टँडवरून फुटाणे घेतलेत. दहावीचा तास छोट्या सुट्टीनंतर होता. सुट्टी होण्याआधीच तुम्ही टेबलांवर सुपं मांडून ठेवलीत. लोखंडाला गंज चढतो, त्याचं समीकरण. (गंजातल्या पाण्याचा भाग तुम्ही नंतरसाठी ठेवला होता.) प्रत्येक सुपात चार तुरी आणि सहा फुटाणे, मोजून. जास्तीचा दाणा ठेवला की पोरं सोयीने घेतात, म्हणून एकही जास्त नाही. मी खडू शोधायला प्रयोगशाळेत आलो. तुम्ही नव्हतात. फुटाणा समोर दिसला आणि हात गेला नाही, असा माणूस आपल्या भागात सापडायचा नाही. खिडकीजवळच्या सुपातून एक घेतला. एकाने काय होतं, म्हणून आणखी एक घेतला. खडू घेऊन निघून गेलो.

त्या सुपावर आचल आणि तिच्या दोन मैत्रिणी होत्या, हे सगळं मला नंतर पोरांकडून कळलं. त्यांच्यापुढे चार तुरी आणि चार फुटाणे. पोरींनी डोकं लढवलं. एका तुरीला एक फुटाणा बांधला, चार जोड्या झाल्या, बाणाच्या अलीकडे आठ दाणे आणि पलीकडेही आठ. शिल्लक काही नाही. आचलने सगळ्यांच्या आधी हात वर केला. भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला, "हा गंज नाही झाला, आचल. गंजात दोन तुरीमागं तीन फुटाणे पाह्यजेत. खालच्या आकड्याले कोणं हात लावला?"

"दाणेच इतले होते मॅडम."

"मी मोजून ठेवले होते."

"म्या नाई खाल्ले!"

अख्खा वर्ग हसला. "आचलनं ऑक्सिजन खाल्ला" असा गलका झाला आणि त्या दिवसापासून तिचं नावच ऑक्सिजन पडलं. तुम्ही टेबलाखाली पाहिलंत, सूप झटकलंत, वर्गाला म्हणालात, "वस्तू नाहीशी होत नसते, पोराहो. कुठी तरी गेली आहे." सगळा तास त्या दोन दाण्यांच्या शोधात गेला. आणि मी भिंतीच्या अलीकडे हातात खडू घेऊन माझ्या वर्गासोबत हसत होतो. हसत होतो, मॅडम. हे आज लिहितानाही कान गरम होतात.

तेव्हा सांगितलं असतं तर गंमत झाली असती आणि विषय संपला असता. नाही सांगितलं, आणि ऑक्टोबरात मी त्याच्याहून वाईट केलं.

दहावीच्या पोरांनी माझ्याकडून समीकरणांची गाणी लिहून घेतली होती. मला काय, कोणी कविता मागितली की मी हवेत. गंजाचं गाणं तुम्हाला पाठ झालं होतं, संतापाने का होईना:

चार लोखंडं, ऑक्सिजन तीन,
दोन गंजांची वाजली बीन.

सत्र परीक्षेत मॅग्नेशियम आलं. त्याला दोन, एक, दोन पुरतात. अर्ध्या वर्गाने त्यालाही चार, तीन, दोन लावून टाकलं, कारण बीन तशीच वाजत होती. तुम्ही पेपरांचा गठ्ठा घेऊन बस थांब्यावर माझ्यापुढे उभ्या राहिलात. "सर, गंजाची बीन कुठी वाजते, दाखवता काय मले? पोरं मोजून नाई राह्यले, गाऊन राह्यले!"

थांब्यावर आठ-दहा माणसं होती. मला झोंबलं. मी म्हणालो, "माझ्या गाण्याने निदान काही पोरं पास होतील. तुमच्या दाण्यांचं काय? एक फुटाणा कमी पडला की तुमचं विज्ञान खाली बसतं. ऑगस्टात पाहिलंच आम्ही."

फुटाणा कोणी खाल्ला होता, हे माहीत असलेला माणूस हे बोलत होता.

तुम्ही पेपरांचा गठ्ठा काखेत मारलात. मग हसलात. म्हणालात, "दाणा कमी पडला तं विज्ञान बसत नाई, सर. ते उठून इचारते, दाणा गेला कुठी?" तेवढ्यात बस आली. तुम्ही पुढे एका बाईशेजारी बसलात, मी मागे जाऊन बसलो. मला वाटलं, मॅडमकडे उत्तर नव्हतं म्हणून हसल्या. सबंध रस्ता मी जिंकल्यासारखा खिडकीबाहेर पाहत होतो.

दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर तुम्ही शाळेत आलाच नाहीत. अकोल्याला दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा खोलीत तुमची भावजय, भाचे, कोण कोण होते. तुम्ही उशीवरून मान वळवून विचारलंत, "वाजते का बीन?" मी म्हटलं, "तुम्ही या, मग बंद करतो." तुम्ही म्हणालात, "येतो ना. रासायनिक अभिक्रियेचा धडा पुन्हा एकदा घ्याचा आहे, अर्ध्यांले नाई समजला." तेव्हा सांगायला हवं होतं. पण खोली माणसांनी भरलेली, आणि तुम्ही येणारच होतात ना. मी संत्र्यांची पिशवी ठेवली आणि निघालो.

तुम्ही गेलात. विज्ञानाचे तास दिवाळीपासून रिकामेच जात होते. नवीन माणूस येईपर्यंत वर्ग सांभाळायचा होता, बोर्डाची परीक्षा तोंडावर. हेडसर मला म्हणाले, "दहावीवर तुमी बसा." मी म्हटलं, "सर, मी मराठीचा." ते म्हणाले, "गाणी तं तुमीच लिवली ना?" मी खडू उचलला.

पहिल्या दिवशी म्हटलं, सोप्यातलं सोपं घेऊ, पाणी. फळ्यावर लिहिलं: हायड्रोजनचे दोन, ऑक्सिजनचे दोन, बाण, आणि पलीकडे पाणी. पाण्यात ऑक्सिजन एकच आहे, एक कमी पडतोय, हे माझ्या लक्षात आलं. मला फार आनंद झाला. मी पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी एक बारीक दोन लिहून टाकला. दोन्ही बाजू फिट्ट. हात झटकून मागे वळलो. आचल उभी राहिली.

"सर, जुळलं. पण पाणी नाई राह्यलं."

"म्हणजे?"

"हे तं जखम धुवाचं औषध झालं, फेस येते थे. मॅडमनं सांगतलं होतं." मग खूप अदबीने, जणू मोठ्या माणसाच्या चपला सरळ करून ठेवाव्यात तशी, म्हणाली, "खालच्या आकड्याले हात लावाचा नसते सर."

भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य त्या दिवशी भिंतीच्या अलीकडे आलं. आचलने कपाट उघडलं, सूप काढलं, मुगाचा आणि हरभऱ्याचा डबा काढला आणि मला टेबलाशी बसवलं. फुटाण्यांच्या जागी तुम्ही सप्टेंबरात पुन्हा चांगला हरभरा भरून ठेवला होता. मूग दोन-दोनच्या जोडीत, हरभरे जोडीत. "आता पाणी बनवा." मी एक पाणी बनवलं. एक हरभरा उरला. "उरला त्याले फेकता येत नाई. त्याच्यासाठी अजून मूग आणा. पण जोडीनंच." आणले. दोन पाणी झालं. काही उरलं नाही. शाळेत असताना मी हे सगळं घोकून काढलं होतं, आणि या वयात पहिल्यांदा पाणी कसं होतं ते बोटांनी पाहिलं. मॅडम, मला तुमचा हेवा वाटला. हा आनंद तुम्ही दर वर्षी पस्तीस-चाळीस चेहऱ्यांवर पाहत होतात आणि मला वाटायचं तुम्ही धान्य निवडताय.

त्या दिवसानंतर तासाला मी शिकवतो आणि वर्ग मला दुरुस्त करतो. पोरं तुमच्यापेक्षा कडक आहेत.

अभिक्रियांचे प्रकार मात्र मला लवकर जमले, त्याचं श्रेय तुमच्या त्या वह्यांना. घरात, शेतात दिसलेली एक अभिक्रिया लिहून आणा आणि प्रकार ओळखा, असा तुम्ही दिवाळीचा अभ्यास दिला होता. त्या वह्या न तपासता राहिल्या होत्या. मी तपासायला घेतल्या. कोणी लिहिलंय, घर रंगवायला आणलेल्या कळीच्या चुन्यात बाबांनी पाणी टाकलं, बादली तापली: संयोग, उष्मादायी. कोणी लिहिलंय, संत्र्याच्या झाडांसाठी भिजवलेल्या मोरचुदात खिळा पडला, सकाळी तांबूस झाला: विस्थापन. एका वहीत, "आई भाकर भाजते." पुढे प्रकार लिहायची जागा कोरी. बहुतेक ती वही मुलीने सुट्टी लागण्याआधीच दिली असावी, कारण कोपऱ्यात तुमच्या लाल शाईत लिहिलेलं आहे: "चांगला प्रश्न. मलेही पक्कं नाही माहीत. सुट्टीनंतर बोलू."

हे वाचून मी रडलो. स्टाफरूममध्ये, चहा पुढे असताना. शिक्षकाने वहीत "मलाही माहीत नाही" असं लिहिलेलं मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं, आणि मी स्वतः तर असं लिहिण्यापेक्षा एखादी कविता रचली असती. भाकरीचा प्रश्न मी वर्गाला दिलाय. तिघी जणी शोधताहेत. अजून उत्तर आलेलं नाही, भांडण मात्र जोरात चालू आहे.

आता मूळ गोष्ट. गेल्या आठवड्यात गंजाची उजळणी घ्यायची होती. मी मुद्दाम फुटाणे आणले. सुपं मांडायला लागलो तर मागच्या बाकावरून आवाज आला, "आचलजवळ नका ठेवू सर, ऑक्सिजन खाते थे!" वर्ग हसला. आचलही हसल्यासारखं करून वहीत बघायला लागली. इतक्या महिन्यांत त्या पोरीला त्या नावाची सवय झाली होती, आणि मला आठवलं की ते नाव तिला मी दिलेलं आहे. मी सूप खाली ठेवलं आणि म्हणालो, "ऑगस्टमध्ये तो ऑक्सिजन मी खाल्ला होता. दोन फुटाणे. खिडकीजवळच्या सुपातले. आचलने खाल्ले नव्हते. मी तेव्हा गप्प बसलो, आचल, माझं चुकलं."

कोणी हसलं नाही. मग आचल म्हणाली, "मॅडमले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"तुमीच खाल्ले म्हणून. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मले बलावलं. म्हणे, तुया हाताले, तोंडाले काईच नव्हतं, आन मराठीच्या सरांच्या सदऱ्यावर फुटाण्याची सालं होती. म्हणे, आचल, तुले बोललो, माहं चुकलं. दुसऱ्या दिवशी वर्गातबी सांगतलं, आचलनं नाई खाल्ला, कोणं खाल्ला थे मले मालूम आहे. पण पोरं कायची आयकतात!"

"मग माझं नाव का नाही सांगितलं?"

"म्या बी तेच इचारलं. त्या म्हणे, त्याईले सांगू दे. सांगतीन थे."

मॅडम, म्हणजे थांब्यावर तुम्हाला माहीत होतं. मी आठ-दहा माणसांपुढे तुमच्या दाण्यांची टर उडवत होतो, तेव्हा तुमच्या समोर तोच सदरा घातलेला माणूस उभा होता, आणि तुम्हाला एका वाक्यात माझी बोलती बंद करता आली असती. तुम्ही हसलात आणि विचारलंत, दाणा गेला कुठी? मी त्याला हार समजलो. तुम्ही मला सांगायची संधी देत होतात, आणि दवाखान्यातही उशीवरून तीच देत होतात. मला फार लाज वाटते, आणि त्याहून जास्त बरं वाटतं. मी सांगेन, असा कोणी माझ्यावर भरवसा ठेवला होता. उशीर केला, पण तुमचा अंदाज मी खोटा पाडला नाही.

वर्गाची शांतता किती वेळ टिकणार! मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव "ऑक्सिजन सर" झालं होतं. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरलो तर पाचवीची पोरंसुद्धा तेच म्हणत होती. आचलला आता सगळे आचल म्हणतात. तासाला दहावीतली सानिया उभी राहून म्हणाली, "सर, हे विस्थापन झालं. ऑक्सिजन आचलसंगं होता, तुमी त्याले तिच्यापासून काढून घेतलं. जास्त क्रियाशील असते थे कमी क्रियाशीलाले हाकलून देते." मी म्हटलं, "प्रकार बरोबर. आता समीकरण लिही." तिने फळ्यावर आचल, सर आणि ऑक्सिजन अशी नावं घालूनच लिहिलं, संतुलित, आणि खालच्या आकड्यांना हात न लावता.

आपल्या भांडणाचा निकाल लागलेला नाही, हे मात्र ऐकून ठेवा. गाण्यांनी पाठांतर होतं, असं माझं अजूनही म्हणणं आहे. फक्त आता आधी सूप आणि मग गाणं. बीन मी काढून टाकली. पोरं बोर्डात कशी लिहितील ते लिहितील, पण परवाच्या सराव पेपरात मॅग्नेशियमला एकानेही चार, तीन, दोन लावलं नाही. आचलला अकरावीला सायन्स घ्यायचंय. तिच्या वडिलांना भेटायला मी रविवारी जाणार आहे, तुम्ही गेला असतात म्हणून.

आज पुन्हा गंजाचा तास होता. छोट्या सुट्टीआधी मी स्वतः सुपं मांडली, प्रत्येकात चार तुरी आणि सहा फुटाणे, आणि सुट्टीभर प्रयोगशाळेच्या दाराशी उभा राहिलो. खमंग वास येत होता. घंटा झाली तेव्हा आत जाऊन एकेक सूप मोजलं. सगळ्यांत सहा आहेत, मॅडम.